‘ङ’च्या घरात बसवलेला बाण

आमच्या मजल्यावर शेवटच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना मी तिरंदाज म्हणते. आधी पाठीमागे म्हणायची. एकदा चुकून तोंडावर म्हटलं आणि जीभ चावली, तर ते खूशच झाले. दुसऱ्या दिवशी जिन्यात कुणाला तरी सांगत होते, “मला इथे तिरंदाज म्हणतात.” माझी निम्मी मजा तिथेच गेली. टोपणनाव ऐकून माणूस चिडला पाहिजे, नाहीतर नाव ठेवणाऱ्याच्या कष्टांचं चीज होत नाही.

त्या नावाचं कारण साधं. हा माणूस जन्मभर बाण काढत आला. एका पाट्यांच्या दुकानात त्यांची नोकरी. ‘जिना इकडे’, ‘बाहेर जाण्याचा मार्ग’, ‘आग लागल्यास लिफ्ट वापरू नये’ अशा ज्या पाट्या आपण रोज बघतो आणि कधीच वाचत नाही, त्या तिथे तयार होतात. मोठमोठ्या कंपन्या, दवाखाने, गोदामं ही त्यांची गिऱ्हाइकं. सुरुवातीला तिरंदाज पत्र्यावर हाताने बाण रंगवायचे. मग दुकानात कॉम्प्युटर आला आणि पहिल्याच दिवशी त्यांना कळलं की या यंत्रातून बाण निघत नाही.

तुम्ही म्हणाल, कीबोर्डवर चार बाण असतात की. असतात, पण ते दाबले तर कागदावर काही उमटत नाही, नुसता कर्सर इकडून तिकडे हलतो. आमच्या घरातल्या पुरुषमंडळींसारखंच. हालचाल पुष्कळ, उमटत काही नाही.

यावर तिरंदाजांनी एक युक्ती काढली. अक्षरांचे फॉन्ट असतात ना, म्हणजे अक्षरांचे साचे, त्यातला एक फॉन्ट उघडून त्यांनी आतली दुरुस्ती शिकून घेतली. वर्णमालेत काही अक्षरं अशी आहेत की शाळेत एकदा गिरवली की पुन्हा त्यांची भेट होत नाही. ङ, ञ, ऌ, ॡ. तिरंदाजांनी या चौघांना त्यांच्या घरातून बाहेर काढलं आणि तिथे आपले भाडेकरू बसवले. ‘ङ’च्या घरात उजवा बाण, ‘ञ’च्या घरात डावा, उरलेल्या दोघांत वरचा आणि खालचा. बाण त्यांनी स्वतः काढलेले, जाड मानेचे, भरल्या तोंडाचे. ‘ङ’ची कळ दाबली की पडद्यावर बाण.

आता यातली मेख अशी की मशीनला तो बाण आहे हे ठाऊकच नसतं. मशीनच्या लेखी तिथे ‘ङ’च आहे, फक्त त्याने बाणाचा कोट घातलाय. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही, तिथे ‘ङ’ कोट काढून उघडाबंब उभा राहतो. म्हणजे तिरंदाजांची फाईल दुसरीकडे कुठे उघडली तर पाटीवर दिसायचं, ‘ङ बाहेर जाण्याचा मार्ग’.

हे त्यांनी कुणाला शिकवलं नाही. दुकानात कुणी विचारलं तर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. गॅलरीत कपडे वाळत घालताना मला मात्र सांगायचे, कारण मी त्यांच्या पोटावर पाय देणार नाही याची खात्री.

“वहिनी, मी रजेवर गेलो ना, की दुकान जागच्या जागी उभं राहतं. कुठे जायचं तेच कुणाला कळत नाही.”

“घरी तरी कळतं का, भाऊजी?” मी विचारलं.

“घरी मी आहे ना सांगायला.”

ते खरंच होतं. हा माणूस घरातही पाट्या लावायचा, फक्त तोंडाने. चपला तिकडे. पेला इकडे. फोनवर हळू. गादी भिंतीला लावून. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे माई म्हणतो, ती या बाणांनी कधीच बहिरी झाली होती. ऐकल्यासारखं करून आपल्या वाटेने जायची. पण लेक ठमी सासर सोडून परत आली आणि त्या बाणांना नवं गिऱ्हाईक मिळालं.

ठमी आली ती एक बॅग आणि एक शिवणयंत्र घेऊन. काय झालं, का आली, हे मी सोडून मजल्यावरच्या सगळ्यांनी तिला विचारलं. मी विचारलं नाही, कारण मला माईने आधीच सांगितलं होतं. ठमीची झोपायची जागा कपाटाच्या मागे. शिवणयंत्राला जागा नव्हती म्हणून ते माझ्याकडे ठेवलं. तिरंदाजांनी तिला आपल्याच दुकानात तात्पुरती लावून घेतली, बाटल्यांची लेबलं करायला. “नजरेसमोर राहील,” म्हणाले. लोकांना वाटलं, काय बापाची माया. मला ठमीचा चेहरा दिसला होता.

तिच्या डोक्यात दुसरंच होतं. दोन गल्ल्या पलीकडे लॉन्ड्रीच्या वर एक खोली रिकामी झाली होती. एक खिडकी, आतच नळ, दाराला आपलं कुलूप. घरमालकीण रिटायर्ड नर्स, बाई सरळ पण कडक. तिने सांगितलं, “तात्पुरत्या माणसाला मी खोली देत नाही. नोकरी पक्की झाली की ये, किल्ली देते.” ठमी मला म्हणाली, “मावशी, मला फक्त एक दार हवंय. आतून लावता येईल असं.” तेव्हापासून मी तिच्या बाजूची झाले. तशी मी कुणाच्या बाजूची होत नाही, दोन्हीकडच्या बातम्या बंद होतात.

त्याच सुमारास दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एक कंपनी, अडून बसलं. त्यांच्या चिक्कार इमारती, प्रत्येक मजल्यावर पाट्या आणि बाहेर पडण्याचे नकाशे. कंपनी म्हणाली, आम्हाला सगळ्या पाट्या नव्या रंगात करायच्यात, तुमच्या फायली आमच्याकडे उघडल्या पाहिजेत. उघडल्या तर जागोजाग ‘ङ’ आणि ‘ञ’. त्यांच्या साहेबाने फोन करून विचारलं म्हणे, की ही कुठली भाषा. मालकांनी तिरंदाजांना बोलावलं.

“या फायली नव्या पद्धतीत करून द्या, कुठेही उघडतील अशा.”

“होत नाही.”

“का होत नाही?”

“होत नाही म्हणजे होत नाही. त्यांना म्हणावं, आमच्याकडून छापून घ्या.”

हे मला ठमीने सांगितलं, ती मागच्या टेबलाशी लेबलं करत बसली होती. आणि मग, तिच्याच शब्दांत, तिचं तोंड गप्प बसेना. ती म्हणाली, “होतं.”

काय होतं ते तिने मला आमच्या घरी करून दाखवलं, आमच्या यांच्या कॉम्प्युटरवर. म्हणाली, “मावशी, लिहा, दोन एक नऊ दोन.” मी लिहिलं. “आता ही कळ धरून ही दाबा.” दाबली. आकडे गेले आणि तिथे बाण उभा राहिला. मी पुन्हा केलं. पुन्हा बाण. दोन एक नऊ शून्य लिहिलं की तो डावीकडे तोंड करी, एकने वर, तीनने खाली. मला खेळच मिळाला.

“हे कुणी ठरवलं गं?”

“सगळ्या जगातल्या अक्षरांची शिरगणती झालीय, मावशी. प्रत्येकाला आपापला नंबर. ‘ङ’ला वेगळा, बाणाला वेगळा. आता बाणाला कुणाच्या घरात लपून राहायला नको. कुठल्याही मशीनवर उघडा, तो बाणच असतो.”

मग तिने आणखी एक गंमत दाखवली. वजाबाकीची खूण आणि तिच्यापुढे ‘पेक्षा मोठा’ची खूण टाकली की मशीन आपणहून दोघांना जोडून बाण करतं. वजाबाकी अधिक मोठेपणा बरोबर बाण. आमच्या भाऊजींकडे बघून हे गणित मला आधीच सुटायला हवं होतं.

ते तेवढ्यात दारात आले होते. कधी आले कळलं नाही. माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि पडद्याकडे बघत राहिले.

“याची मान बारीक आहे,” म्हणाले.

“फॉन्ट बदलला की बदलते, बाबा.”

“म्हणजे कुणीही बदलू शकतं?”

“हो.”

“मग हा कुणाचा बाण?”

“कुणाचाच नाही.”

“तेच म्हणतोय मी,” म्हणाले आणि गेले.

मालकांनी काम ठमीला दिलं. सांगितलं, सगळ्या फायली करून दे, कंपनीची कवायत नीट पार पडली की खुर्ची तुझी, पक्की. ‘कवायत’ म्हणजे आग लागली असं समजून सगळ्यांना इमारतीबाहेर काढतात ती. दुसऱ्या दिवशी ठमी कामाला बसली तर दुकानातल्या मशीनवर तिरंदाजांचे फॉन्ट नव्हते. त्यांनी ते पेन ड्राइव्हवर घालून घरी आणले होते आणि मशीनवरून पुसून टाकले होते.

मालक चिडले. तिरंदाज म्हणाले, “मी काढलेत, मी नेले. कपडे वाळले की आपण घरात घेतो, तसे.” मालक म्हणाले, “मग तुम्हीही आता घरीच आराम करा.”

बाप घरी, लेक त्याच्या खुर्चीत. मजल्यावर आमची नुसती चंगळ. खालच्या मजल्यावरची माणसं कढीलिंबाच्या दोन काड्या मागायला म्हणून वर येत आणि तासभर उभी राहत. पण त्या दारातून भांडण ऐकूच येईना. तिरंदाजांनी मिठाची गुळणी धरली होती. इकडे-तिकडेचे बाणही बंद झाले. माईला म्हणाले म्हणे, “तिचं चालू दे.” मला वाटलं, वठणीवर आले.

ठमीचं काम तसं सरळ होतं. जुन्या फायलींतली बाकीची अक्षरं नव्या पद्धतीत करून देणारी तयार यंत्रणा मिळते, त्यात फाईल टाकली की मजकूर पालटून बाहेर. फक्त बाणांच्या जागी ‘ङ’ आणि ‘ञ’ राहत. ते तिला शोधून बदलायचे होते. कुठला कुठे जातो हे नक्की करायला ती कंपनीच्या एका जुन्या इमारतीत गेली, भिंतीवरच्या पाट्यांचे फोटो काढून आणले आणि एकेक ताडून पाहिलं. ‘ङ’ उजवा, ‘ञ’ डावा. प्रत्येक वेळी बरोबर.

तरी तिने विचारलं. त्या संध्याकाळी मी भाजीची वाटी द्यायला गेले होते, त्यामुळे हे माझ्या कानांनी ऐकलंय. तिघंही जेवत होती.

“बाबा, ‘ङ’ म्हणजे उजवाच ना?”

“उजवाच.”

“काही फायलींत फॉन्टचं नाव वेगळं दिसतंय. पुढे दोन आकडा आहे.”

“तो नंतर केला.”

“बरं,” ठमी म्हणाली. तिरंदाजांनी पाणी प्यायलं. मला म्हणाले, “बसा ना, वहिनी.” मी बसले नाही, गॅसवर दूध होतं.

यातली गोम मला पुढे कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगते. लांबलचक पॅसेजमध्ये समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर पाट्या लावतात. दार एकाच बाजूला असतं. या भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं तर दार उजव्या हाताला, आणि पाठ फिरवून समोरच्या भिंतीकडे पाहिलं तर तेच दार डाव्या हाताला. म्हणजे मजकूर तोच, बाण उलटा. दरवेळी दोन फायली करायचा तिरंदाजांना कंटाळा. त्यांनी काय केलं, दुसरा फॉन्ट बनवला आणि त्यात भाडेकरूंची अदलाबदल केली. ‘ङ’च्या घरात डावा, ‘ञ’च्या घरात उजवा. फाईल एकच टाईप करायची, तिची नक्कल काढायची, नुसतं फॉन्टचं नाव बदलायचं, की समोरच्या भिंतीची पाटी तयार. डोकं होतं, ते नाकारून चालणार नाही.

ठमीने जी जुनी इमारत तपासली तिथे पॅसेजच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या खिडक्या. दुसऱ्या फॉन्टची एकही पाटी तिथे नव्हती. आणि ती यंत्रणा मजकूर पालटताना फॉन्टची नावं टाकून देते. सगळे ‘ङ’ एकसारखे होऊन बाहेर पडले, आणि ठमीने एका झटक्यात सगळ्यांना उजवीकडे वळवलं.

बापाने उत्तर दिलं त्यात खोटं काही नव्हतं. दुसरा फॉन्ट नंतरच केला होता.

फायली कंपनीला गेल्या, पाट्या छापून लागल्या. ठमी मला घेऊन लॉन्ड्रीवरच्या खोलीत गेली, टेप घेऊन. खिडकीचं माप घेतलं, पडद्याला किती कापड लागेल ते बघितलं. खालून इस्त्रीची वाफ येत होती. नर्सबाई म्हणाल्या, “उन्हाळ्यात तापेल हं.” ठमी म्हणाली, “तापू दे.” तिला असं हसताना मी लग्नाच्या आधी पाहिलं असेल. परत आल्यावर माझ्याकडे बसून तिने शिवणयंत्राला तेल घातलं. तिरंदाज दारातून विचारून गेले, “पडदे कुणाचे?” मी म्हटलं, “तुमच्या लेकीचे. नव्या खोलीचे.” ते म्हणाले, “अच्छा.” त्या ‘अच्छा’नंतरही कवायतीला दोन दिवस होते. तोंड उघडायला दोन दिवस काही कमी नाहीत.

कवायतीच्या दिवशी भोंगा वाजला. मालक आणि ठमी तिथे हजर होते. माणसं खोल्यांमधून पॅसेजमध्ये आली. या भिंतीवरची पाटी म्हणे इकडे जा, समोरच्या भिंतीवरची म्हणे तिकडे. ज्याच्या समोर जी आली त्याने ती मानली. एक घोळका दाराकडे निघाला, दुसरा गोदामाच्या बंद शटरपाशी पोचला, तिथून मागे फिरला आणि वळणावर दोन्ही घोळके एकमेकांवर आदळले. आग खोटी होती म्हणून बरं. तरीसुद्धा हिशेबखात्यातली एक बाई खाली पडली आणि तिचं मनगट मोडलं. कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याने पाट्यांकडे बोट दाखवून मालकांना विचारलं, “हे कुणी केलं?” मालकांनी ठमीकडे पाहिलं.

तिने दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. घेणार तरी कसं, तिला तरी कुठे माहीत होतं. ती मला एवढंच सांगायची, “मावशी, त्या बाईचा हात असा लोंबत होता.”

मालकांनी तिला त्याच दिवशी काढलं आणि संध्याकाळी तिरंदाजांना फोन केला. सकाळी तिरंदाज इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. पेन ड्राइव्ह वरच्या खिशात. दुपारच्या आत त्यांनी कुठल्या फायली कुठल्या भिंतीच्या ते वेगळं केलं आणि चुकलेले बाण फिरवले. फिरवले कसे म्हणाल तर ठमीच्याच पद्धतीने. दोन एक नऊ शून्य. माझ्या खुर्चीमागे उभं राहून एकदाच पाहिलं होतं, पण आकडे पाठ होते. कंपनी शांत झाली. मालकांनी खुर्ची परत दिली. वर मालक ठमीला फोनवर म्हणाले, “अगं, दोन फॉन्ट होते, समोरासमोरचे. घरात माणूस असताना विचारायचं नाही का?”

हा फोन तिने गॅलरीत घेतला, त्यामुळे मला माझ्या जागेवरून हलावं लागलं नाही. तिरंदाज घरी आले तशी ती तिथेच उभी होती.

“तुम्हाला माहीत होतं.”

“काय?”

“मी दुसऱ्या फॉन्टचं विचारलं होतं.”

“विचारलंस. नंतर केला म्हणून सांगितलं मी.”

“उलटा आहे हे नाही सांगितलं.”

“ते तू कुठे विचारलंस?”

“बाबा, एका बाईचा हात मोडला.”

“अर्धवट शिकून पुरं काम करायला गेलं की होतं असं,” ते म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून, “आता झालं ते झालं. मी मालकांशी बोलतो, लेबलांना घेतील तुला परत.”

माई आतून आली, नवऱ्याच्या हातातला डबा घेतला आणि म्हणाली, “तुम्ही आता काही बोलू नका.” इतक्या वर्षांत मी माईला त्यांना काही करू नका म्हणताना पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ऐकलंही. पण बोलायचं तेव्हा बोलले नव्हते, त्याला आता काय करणार.

खोली एका कंपाउंडरला गेली. नर्सबाईंनी निरोप पाठवला की मुलगी चांगली आहे, पण मी थांबू शकत नाही. पडद्याचं कापड ठमीने परत करायला नेलं, दुकानदाराने कापलेलं कापड घेतलं नाही. ते माझ्याकडे यंत्राच्या खाली पडून आहे. मी एकदा म्हटलं, माझ्या खिडकीला लावू का, थट्टेत. ती म्हणाली, “लावा.” त्यानंतर मी त्याची थट्टा केली नाही.

आता ती एका औषधाच्या दुकानात उभी असते, तात्पुरतीच. सकाळी बाप उठायच्या आत निघायला बघते, परत येऊन आपलं ताट घेऊन कपाटामागे बसते. माई दोनदा वाढते.

परवा तिरंदाज माझ्या दाराशी आले. आत या म्हटलं तरी उंबऱ्यावरच.

“वहिनी, तिला सांगा ना एकत्र जेवायला बसायला. तुमचं ऐकते.”

“काय सांगू?”

“सांगा की माझ्या मनात तसं नव्हतं.”

“मग कसं होतं, भाऊजी?”

ते चौकटीवरचा निघालेला रंग नखाने खरवडत राहिले. चौकट माझी, पण खरवडू दिली.

“मला वाटलं, परत विचारेल,” म्हणाले. “एकदा विचारलंन. अडली की परत येईल, बाबा हे काय आहे म्हणेल. मग मी सांगितलं असतं. सगळंच सांगितलं असतं, वहिनी. पहिल्यापासून.”

“आणि नाही विचारलं तिने.”

“नाही ना विचारलं.”

मी ठमीला जसंच्या तसं सांगितलं. यात मी सहसा मीठमसाला घालते, या वेळी घातला नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“मावशी, त्यांना सांगा, मी आता त्यांना काहीच विचारणार नाही.”

आणि खरंच विचारत नाही. जेवलात का नाही, दिवा घालवू का नाही, काही नाही. सकाळी न्हाणीघराचं दार बंद असलं तर आत कोण आहे, किती वेळ लागेल, हेसुद्धा विचारत नाही. टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर उभी राहते, कामाला उशीर होत असला तरी. आत तिरंदाज असतात. हल्ली तेच तिच्याआधी उठून आत जाऊन बसतात, आणि बाहेरून हाक येईपर्यंत नळ सोडून ठेवतात. आमच्या भिंतीला लागूनच पाइप आहे. पाणी बराच वेळ वाहत राहतं.